साक्षीचा खुंट

खाण खणणारे लोक खणताना एक खुंट मागे ठेवतात, हे मला लग्न होऊन येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आजूबाजूची जमीन खाली खाली जात राहते आणि मधे मातीचा एक खांब तसाच उभा राहतो. त्याच्या डोक्यावर जुनी जमीन असते, जुनं गवत असतं. कंत्राटदाराचा माणूस आला की त्या खांबाला काठी लावतो आणि किती खोल खणलं ते मोजतो. मोजून झालं की खांबही पाडायचा, असा रिवाज. आमच्याकडे त्याला साक्षीचा खुंट म्हणत. आमच्या रानातला खुंट मात्र खणणाऱ्यांनी पाडला नाही, आणि त्या एका खुंटापायी माझं काय झालं ते लिहायला मी बसले आहे. अक्षरं मला उशिरा आली, सोलापुरात आल्यावर, चाळीतल्या बायकांच्या दुपारच्या वर्गात. तेव्हा कुठे घसरले तर सांभाळून घ्या.

आमचं गाव सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना रस्त्यापासून जरा आत. निम्मं गाव घरात मराठी बोलायचं, निम्मं कानडी, आणि भांडताना सगळेच दोन्ही बोलायचे. आमचं रान गावाच्या उगवतीला, ओढ्याकडे उतरत जाणारं. वर कमरेइतकी काळी माती, खाली पिवळा मुरूम, त्याखाली काळा दगड. मी लग्न होऊन आले त्या साली सडकेचं काम निघालं होतं आणि सासऱ्यांनी रानाचा खालचा अर्धा भाग मुरुमासाठी आणि खडीसाठी कंत्राटदाराला खणायला दिला होता. बोली अशी होती की वरची काळी माती बाजूला ढीग करून ठेवायची, आणि खणून झालं की खड्डा सारखा करून ती माती पुन्हा वर पसरून द्यायची. कंत्राटदार फार गोड बोलायचा. सासऱ्यांना तो काका म्हणायचा.

माती बाजूला ठेवली खरी. पण सडकेचा भराव कमी पडला तेव्हा त्याच्या गाड्या आल्या आणि आमची काळी माती भरून घेऊन गेल्या. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळले होते, त्याच दुखण्यात ते गेले. काम संपल्यावर कंत्राटदारही दिसला नाही. आजही अक्कलकोटच्या सडकेने कुणी गेलं की मला वाटतं, हे लोक आमच्या ज्वारीच्या रानावरून चाललेत.

आमचे हे त्याच खाणीवर रोजाने जायचे. स्वतःच्या रानात पहार मारायची, आणि संध्याकाळी त्याच रानाच्या बांधावर बसून हात चोळायचे. तेव्हा त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. रान परत सारखं होणारच आहे, मग चार महिने आपणच का खणू नये, असा हिशेब. मी दुपारची भाकरी घेऊन जायची. ओढ्याच्या बाजूचा जो कोपरा होता तिथं मला ते नेहमी दिसायचे, डोक्याला धडपा बांधलेले, अंगावर मुरुमाची पिवळी धूळ. नवीन लग्न झालेलं. मी लांबून त्यांच्याकडे बघायची आणि जवळ गेले की भाकरीच्या फडक्याकडे बघायची. त्याच कोपऱ्यात साक्षीचा खुंट होता.

तो का पाडला नाही ते सांगते. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस करतात. रानात पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे, ते पाच पांडव. त्यांच्यावर कडब्याची खोप करायची, सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि घरधन्याने उभ्या पिकाभोवती आंबील शिंपडत, मोठ्यानं घोष करत फेरी मारायची. सासऱ्यांनी मांडलेले पाच पांडव नेमके त्या कोपऱ्यात होते. खणणाऱ्यांनी तेवढी जागा सोडली, तिचाच मापाचा खुंट केला. शेवटचं माप झालं तरी देवाच्या जागेला कुणी हात लावला नाही. खाण संपली तेव्हा दीड पुरुष उंचीचा तो खांब, वर बैलगाडीच्या चाकाएवढी आमची जुनी जमीन, तिच्यावर हरळी, ज्वारीची चार जुनी धाटं आणि पाच पांढरे दगड, असं सगळं आभाळात उभं राहिलं.

त्या वर्षीची येळवस आम्ही शिडी लावून केली. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, शिडीने वर चढल्या. मी खालून परडी दिली. आंबील शिंपडायला पीक कुठलं? खाली नुसता मुरुमाचा खड्डा. ह्यांनी आंबिलीचा गडवा हातात घेतला, जरा वेळ उभे राहिले आणि तो तसाच जमिनीवर ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी गाठोडं बांधलं. सोलापुरात गिरणीत गावचे चार लोक होते, तिथं जातो म्हणाले. मी चुलीपुढे होते. मी विचारलं, परत कधी. ते दारातून म्हणाले, "ह्या रानात जमिनीवर येळवस हुईल, भवती ज्वारी उभी आसंल, त्या साली गिरनी सोडून कायमचा यीन. तवर मला ते रान दावू नगंस."

ते अगदीच गेले असं नाही. दसऱ्याला, दिवाळीला, कधी मधे सुट्टीला यायचे. दोन दिवस राहायचे, माझ्यासाठी गिरणीतलं फडकं आणायचे, आईला तपकीर आणायचे. पण रानाकडे पाठ. गावात यायला जवळची वाट रानावरून होती, तर हा माणूस अर्धा कोस वळसा घालून यायचा. मला हसू यायचं आणि रात्री रडू यायचं. नवरा आहे आणि नाहीही, अशी माझी तऱ्हा. पाण्याला गेले की बायका मला विचारायच्या, आता कधी येणार? मी म्हणायची, ज्वारी आली की. त्या समजायच्या, सुगीला येणार. मी काही खुलासा करायची नाही.

मग मीच आत्याबाईंना म्हणाले की आपण रान परत करू. वाटलं, हसतील. आत्याबाई अक्कलकोटच्याही पलीकडच्या, माहेर कानडी मुलखातलं, बांधा लहान आणि आवाज मोठा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खड्डा भरायला माती कुटनं आननार? माती न्हाय आनायची. माती येती. तिला आडवायची."

खरं होतं ते. दर पावसाला खाणीच्या वरच्या कडेचे लचके तुटायचे. वर जे अर्धं रान धड उरलं होतं त्याचीही माती ओघळीने खाणीत यायची आणि ओढ्याच्या बाजूच्या तोंडातून निघून जायची. खाण थांबली होती, पण खाणीचं खाणं थांबलं नव्हतं. असंच चाललं असतं तर दहा वर्षांत वरचं रानही गेलं असतं. म्हणून खाणीच्या तोंडाशी ताल घालायची ठरली. ताल म्हणजे ओघळीच्या तोंडावर घातलेला दगडी बांध. पाणी मागे तुंबतं, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी सांडव्यावरून निघून जातं. दरसाल गाळ चढला की बांधावर दगडाचा एक थर चढवायचा.

दगडाला तोटा नव्हता. कंत्राटदाराने खडी करताना टाकून दिलेले वेडेवाकडे दगड ढिगाने पडले होते. दोघी बायका, एक पहार, दोन पाट्या. सकाळची भाकरी झाली की आम्ही रानात. मोठा दगड बाहेरच्या अंगाला, लहान आतल्या, मधे चिपा ठोकायच्या, आणि बांध मागच्या बाजूला जरा कललेला ठेवायचा, हे सगळं आत्याबाईंना कुठून माहीत होतं कुणास ठाऊक. चुकले की माझा उद्धार कानडीत व्हायचा. मला कानडी येत नव्हतं तोवर ते बरं होतं. पुढे यायला लागलं.

वरच्या कडा आम्ही पहारेने ढासळून उतरत्या केल्या, म्हणजे त्या एकदम तुटून पडायच्या थांबल्या. कडेला घायपात लावली, तरवड लावला, ओढ्याकाठची हरळी उपटून आणून तिची मुळं दाबली. लोक हसायचे. सगळं जग शेतातली हरळी काढून काढून थकतं, आणि ह्या सासू-सुना रानात हरळी लावतात. हसोत बापडे. मला एवढंच दिसायचं की दरसाल तालीच्या मागे चार बोटं, सहा बोटं गाळ बसतो आहे. मी त्यात बोट खुपसून बघायची. बोट जितकं आत जाई तितका माझा माणूस मला जवळ आल्यासारखा वाटे.

आणि जाता येता मी त्या खुंटाला हात लावायची. कडक मुरुमात पहारेचे उभे वळ उमटलेले होते, माझ्या खांद्याच्या उंचीपासून वरपर्यंत. पाटी डोक्यावर असायची, एक हात मोकळा असायचा, तो मी त्या वळांवरून फिरवायची. ह्यांच्या हाताच्या खुणा. घरात त्यांचं दुसरं काय होतं? एक जुनी वहाण आणि एक तुटका चाबूक. आत्याबाई मला बघायच्या आणि आपली पाटी उचलून पुढे जायच्या. त्यांचेही वर पाच देव होते आणि त्या देवांना नवऱ्याचा हात लागलेला होता.

दुसऱ्या वर्षी शेतकी खात्याचा एक ओव्हरसियर आला. कोरडवाहू जमिनीला बांध कसे घालावेत ते सांगत तो गावोगाव फिरायचा. तरुण होता, डोक्यावर टोपी, सायकल बरोबर. बाकीच्या गावाने त्याला चहा पाजून वाटेला लावला, पण आमची ताल बघून तो दोन तास रानात रमला. बांध चांगला आहे म्हणाला. मग सांडव्याशी आला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

आमचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची जागा, उजव्या अंगाला होता. तिथं खाली खाणीतला टाकाऊ भराव होता, भुसभुशीत. डाव्या अंगाला उघडा काळा खडक होता. तो म्हणाला, सांडवा खडकावर काढा. भरावावरून पाणी गेलं तर एका मोठ्या पावसात खालून पोखरून ताल घेऊन जाईल. हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण डाव्या अंगाला, खडकाच्या अगदी कडेला, साक्षीचा खुंट होता. तिथून पाणी काढलं की ते खुंटाच्या बुडाला लागणार आणि तो बसणार. आत्याबाईंनी सांगून टाकलं की देव हलायचे नाहीत.

ओव्हरसियर मग माझ्याकडे वळला. जरा बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतो ते. तुम्ही तरी त्यांना समजवा."

मला कळत होतं. आत्याबाईंपेक्षा जास्त कळत होतं. आणि मी समजावलं असतं तर त्या ऐकल्याही असत्या, माझं त्या ऐकायच्या. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "आत्याबाई म्हनतील तसं."

चांगली सून दिसले मी त्याला. त्याने सायकल उचलली आणि गेला. देवांचं मला तितकं नव्हतं. मला ते पहारेचे वळ जाऊ द्यायचे नव्हते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

चौथ्या वर्षी तालीच्या मागे हातभर गाळ साठला होता. वरच्या चिखलात मूठभर ज्वारी टाकून बघितली तर ती मांडीएवढी झाली. पुढच्या येळवसला जमिनीवर मांडू, असं आम्ही दोघींनी ठरवलं. दसऱ्याला हे आले तेव्हा मी त्यांना म्हणाले की एक वर्ष, फक्त एक. जाताना ते पहिल्यांदाच रानाच्या वाटेला वळले, शंभर पावलं गेले आणि परत फिरले. ते मी बघितलं. त्या शंभर पावलांवर मी वर्ष काढलं.

पुढच्या साली हस्ताचा पाऊस आला. आमच्याकडचा खरा पाऊस तोच, आणि येतो तेव्हा भान ठेवत नाही. दुपारी लागला तो थांबेना. दिवस मावळायला पावसातून ओढ्याचा वेगळाच आवाज यायला लागला. आम्ही दोघी घोंगडी पांघरून पळत गेलो. उजव्या अंगाने पाणी खालून शिरलं होतं. आमच्या देखत सांडवा बसला, मग त्याच्या शेजारचा बांध, मग चार वर्षांचा गाळ काळ्या दह्यासारखा हलला आणि त्या तोंडातून ओढ्यात गेला. फार वेळ लागला नाही. साक्षीचा खुंट मात्र धक्का न लागता जागच्या जागी, वर पाच पांढरे दगड.

मी आत्याबाईंना तेव्हा जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "तुमच्या दगडापायी माजा संसार गेला." भर पावसात, ओरडून. त्यांनी मला कानडीत शिव्या द्यायला हव्या होत्या. त्या घोंगडी सावरत घराकडे वळल्या. मला ठाऊक होतं की दगड त्यांचे असतील, पण गप्प बसणारी मी होते. ते मात्र मी बोलले नाही.

तीन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. दोन माणसांच्या घरात तीन दिवस म्हणजे फार. चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या घरात नव्हत्या. रानात गेले. शिडी खुंटाला लावलेली, आणि आत्याबाई वर. त्यांनी पाची दगडांना हळदकुंकू लावलं होतं. एकेक दगड पदरात घेऊन त्या पाच वेळा शिडी उतरल्या आणि चढल्या, मला हात लावू दिला नाही. मग वरची हरळी, वरची काळी माती खुरप्याने सोडवून पाटीत भरली. आमच्या खणलेल्या रानाची तेवढीच माती जगात उरली होती. पाचसहा पाट्या झाल्या. ती सगळी त्यांनी खाली, जिथं पुढे गाळ बसणार होता तिथं पसरली.

मग पहार माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "पयली तू मार. तुलाच जड जाईल."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. म्हणाले की मी त्या साहेबाला बोलू शकले असते. त्या म्हणाल्या, "व्हय की. आन मीबी. ऊठ आता."

पहार मारायच्या आधी मी त्या वळांतला एक ढेपसा खोबणीसकट काढून घेतला आणि पदरात बांधला. मग मारली. खुंट दुपारपर्यंत टिकला. पडला तेव्हा धूळ झाली, आणि धूळ बसल्यावर तिथून ओढ्यापलीकडचं रान दिसायला लागलं. इतकी वर्षं मधे तो होता म्हणून मला कधी दिसलं नव्हतं.

सांडवा खडकावर गेला. नव्या तालीला पाया रुंद घेतला. पुन्हा बोटभर, चार बोटं. पहिली दोन वर्षं काही आलं नाही, मग हुलगा आला, मग मटकी. हुलग्याचा पाला तसाच गाडला. दिवाळीनंतर धनगर आले की खतासाठी त्यांची मेंढरं आठ रात्री खाणीत बसवायची. हरळीनं कडा अशा धरल्या की पहार लागेना. पहिल्या खेपेला मी दिवस मोजले होते, दुसऱ्या खेपेला मोजणं सोडलं. हे यायचे, जायचे. त्यांचा खोकला सुरू झाला होता. गिरणीत कापसाची धूळ असते, सगळ्यांनाच होतो, म्हणायचे.

पाच वर्षांनी त्या जागेत शाळू ज्वारी कमरेच्या वर गेली. येळवसला आम्ही पाच दगड जमिनीवर मांडले. मी गावातल्या एकाबरोबर सोलापूरला निरोप धाडला, इतकाच: जमिनीवर आहे, या.

ते आले. रानाच्या वाटेने आले. बांधावर उभे राहिले, वहाणा काढल्या, आत उतरले. वाकून मातीत हात घातला, मनगटाच्या वर जाईपर्यंत. मी खोपीशी उभी होते आणि माझं लक्ष चुलीवरच्या भज्जीत नव्हतं. त्यांनी आंबिलीचा गडवा घेतला आणि पिकाभोवती निघाले. पहिला घोष दिला. दुसरा देताना खोकला आला. तो थांबेचना. धाटांच्या आत कुठेतरी ते बसले. मी गेले तर गडवा मांडीत धरून, एक थेंब न सांडता, खाली बसलेले. म्हणाले, "तू मार हाळी. माज्यानं हुईना." उरलेल्या फेरीत ते पुढे आंबील शिंपडत गेले आणि घोष मी दिला. बाईने घोष द्यायचा नसतो. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं. आता नांगर धरवणार नाही. गिरणीत बसून करायचं काम दिलंय, चाळीत एक खोली मिळते आहे, पण घरचं खाणं नसेल तर वर्ष निघायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला. मी यायचं होतं. ते मान खाली घालून बोलत होते, जसा काही दिलेला शब्द मोडला म्हणून. शब्द त्यांनी पाळला होता. आम्हालाच पाच वर्षं उशीर झाला होता.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा. माती आता कुटं जात न्हाय. ताल हाय की."

मी गेले. जोंधळा कापायलाही थांबले नाही.

सोलापुरात आम्ही बरीच वर्षं काढली. माझ्या हातचं खाऊन ते जगले, मुलगीही झाली. वाईट दिवस होते असं मी म्हणणार नाही. भोंगा झाला की उठायचं, नळावर रांग, शेजारणी तेलुगू बोलायच्या, त्यांच्याकडून मी आमटीत चिंच घालायला शिकले. पण फरशीवर निजताना मला झोप यायची नाही. इतकी वर्षं मी रानात बसून ह्यांची वाट बघितली, आणि आता हे शेजारी घोरत होते आणि मला रानाची ओढ लागली होती. पाऊस आला की मी गॅलरीत जायची. चाळीच्या गटारातून गढूळ पाणी वाहत जायचं आणि मला वाटायचं, कुणीतरी आडवा ना हे, चांगली माती चालली आहे.

आत्याबाई आल्या नाहीत. गावच्या एका जोडप्याला वाट्याने घेऊन त्या रान करत राहिल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. दर येळवसनंतर गावाकडून कुणी आलं की त्याच्याबरोबर एक तुराटीची काडी यायची. तालीमागच्या गाळात खुपसून, माती जिथवर आली तिथं मोडलेली. पहिल्या वर्षी दीड वीत. मग दोन वीत. मग त्यात दोन बोटांची भर. त्या सगळ्या काड्या मी एका फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवायची. तो मुरुमाचा ढेपसाही त्याच फडक्यात होता.

शेवटची काडी आली ती आत्याबाई गेल्याच्या निरोपाबरोबर. आणणाऱ्याने सांगितलं की अवसेला त्यांनी स्वतःच मोडली होती आणि पाठवायची राहून गेली होती. ती माझ्या कोपरापासून बोटाच्या टोकाच्याही पुढे गेली.

त्या दिवशी दुपारी मी फडकं सोडून काड्या ओळीने मांडल्या. हे पलंगावर टेकून बघत होते. त्यांना ढेपसा दिसला. हे काय, म्हणून विचारलं. मग मी सगळं सांगितलं. ओव्हरसियर, सांडवा, मी गप्प का बसले ते. मी म्हणाले की तुमच्या पहारेची खूण होती, ती मोडायला मन झालं नाही, आणि त्यापायी पाच वर्षं गेली आणि तुमची छाती गेली. इतकी वर्षं मनात होतं, एका दमात बोलून टाकलं.

त्यांनी ढेपसा हातात घेतला, खोबणीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "ही माजी न्हाय."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "त्या खुंटाला मी पहार लावलीच न्हाय. वर बापानं मांडलेले पांडव हुते. माजा हात धजला न्हाय. मुकादमाला म्हनलं, एवडं दुसऱ्या गड्याला सांगा. मी पल्याडच्या बाजूला हुतो."

कोण होता तो गडी? त्यांना नाव आठवेना. परमुलखातला होता, चार महिने काम केलं आणि पुढच्या खाणीवर गेला.

मी हसायला लागले. हसता हसता रडू आलं ते थांबेना, आणि पलीकडच्या खोलीतली बाई दार वाजवून गेली. एका अनोळखी माणसाच्या पहारेवर मी इतकी वर्षं हात फिरवला होता, त्याच्यापायी माझ्या माणसाला पाच वर्षं गिरणीची धूळ खायला लावली होती. ह्यांना राग आला असेल असं मला वाटलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

त्यांनी ढेपसा बाजूला ठेवला आणि हात पुढे केला. "ती मोटी काडी दे हिकडं," म्हणाले. मी दिली. त्यांनी ती आपल्या हाताला लावली, कोपरापासून, आणि पुढे उरली तेवढ्यावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून मोजली. मग पुन्हा मोजली. खोकला आला तरी काडी खाली ठेवली नाही.